कडू खळ

आमच्या गल्लीत ग्रामपंचायतीची घंटागाडी येते, पण आमच्या दारापुढे आली की तिचा वेग वाढतो. या घरातून आपल्याला काही मिळायचं नाही, हे गाडीवाल्याला अनुभवाने कळलंय. उलट मीच पदर खोचून बाहेर येते आणि त्याच्या गाडीत डोकावते. एकदा शेजारच्या लग्नघरातून निघालेला जुन्या पत्रिकांचा गठ्ठा मी त्याच्या गाडीतून उचलून घेतला, तेव्हापासून तर मला बघितलं की तो लांबूनच हॉर्न वाजवतो. आमचे हे म्हणतात, "लोकांच्या घरचा कचरा बाहेर जातो, आपल्या घरी मुक्कामाला येतो."

चौसाळ्यात मला चमकीवाल्या काकू म्हणतात. खरं नाव घेऊन विचारलंत तर बसस्टँडवर कुणी घर दाखवणार नाही. माझा धंदा वह्या सजवायचा. जाड पुठ्ठ्याची मोठी वही असते, तिच्यात लोक लग्नाचे, बारशाचे, निरोपसमारंभाचे फोटो चिकटवतात. शहरात तिला स्क्रॅपबुक म्हणतात, आम्ही आठवणींची वही म्हणतो. फोटो काय, कुणीही चिकटवील. फोटोच्या भोवतीची फुलं, पाखरं, किनारी, जाळ्या आणि तोरणं ही माझी. शहरातल्या दुकानात असल्या नक्ष्यांची तयार पाकिटं मिळतात, पण त्यांच्या किमतीत आमच्याकडे आख्खी वही होते. म्हणून माझा सगळा माल घरातला.

ही विद्या मी कुठे शिकायला गेले नव्हते. आमच्या पिढीतल्या बाईला रुखवत करता आलंच पाहिजे असा नियम होता. काड्यापेटीच्या काड्यांचं घर, सुपारीचे नवरा-नवरी, लोकरीचं तोरण असलं सगळं लग्नात मांडायचं आणि मुलीच्या अंगी किती गुण आहेत ते सासरच्यांनी चष्मे लावून तपासायचं. आमचं स्टँडजवळ बांगड्यांचं दुकान. दुकानात येणाऱ्या बायकांना मी गल्ल्यावर बसून रुखवत करून द्यायची. पुढे बीडहून भाड्याचं रुखवत यायला लागलं. सकाळी टेम्पोतून येतं, संध्याकाळी परत जातं, आणि तेच घर तेच नवरा-नवरी दुसऱ्या दिवशी दुसऱ्या मांडवात. माझे हात रिकामे झाले. मग एक नवरी मुलगी मोबाईलमध्ये फोटो घेऊन आली आणि म्हणाली, "काकू, असली वही तुमाला जमंल का?" मी बघितलं. फुलं होती, किनारी होती, लहानसं घरसुद्धा होतं. म्हटलं, अगं हे तर रुखवतच आहे, फक्त आडवं झोपवलेलं.

आता थोडं कामाबद्दल सांगते, म्हणजे पुढचं कळेल. औषधाच्या गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटाची चांदी चमच्याच्या पाठीने घासली की आरशासारखी होते, तिच्या पाकळ्या कापायच्या. पेन्सिलीला टोक करताना निघणारं गोल साल म्हणजे आयतं फूल, मधे एक मणी बसवला की झालं. लसणाच्या गुलाबी सालींचं कमळ इतकं नाजूक होतं की लोक हात लावायला भितात. जुन्या साडीचा काठ कापला की कड मेणबत्तीवर नुसती फिरवायची, धागा सुटत नाही. तलाठी कार्यालयात कागदाला भोकं पाडायचं जे यंत्र असतं, त्याच्या पोटात पडलेल्या टिकल्या तिथला शिपाई माझ्यासाठी डबीत साठवतो. पिस्त्याची टरफलं आमच्याकडे कमी, कारण पिस्ते खाणारेच कमी. पण सीताफळाच्या बिया म्हणाल तर पोत्याने. डोंगरातली सीताफळं यायला लागली की मी गल्लीतल्या पोरांना सांगून ठेवते, फळ तुमचं, बी माझी. काळीभोर, चकचकीत, आणि तिला कीड म्हणून लागत नाही. चिंचोका मात्र भाजूनच वापरायचा. एकदा न भाजता वापरला आणि बारशाच्या वहीतून, ज्या बाळाचं बारसं त्याच्या आजीच्या मांडीवर, सोंडे चालत निघाले.

आणि सगळ्यात महत्त्वाची खळ. बाजारातला डिंक वाळला की पान कडक होऊन मोडतं. म्हणून मी गव्हाच्या पिठाची खळ शिजवते. पीठ गार पाण्यात कालवायचं, मंद जाळावर हलवत राहायचं, तुकतुकीत झालं की उतरवायचं आणि त्यात मीठ, हळद घालायची. जुने लोक मोरचूद घालायचे, त्याने किडामुंगी येत नाही. पण मोरचूद विषारी, आणि वही लेकराबाळांच्या हातात जाणार, म्हणून मी घालत नाही. मीठ-हळदीची खळ माणसांच्या वहीला बरोबर असते. माणसांच्या असं मी मुद्दाम म्हणते, त्याचं कारण पुढे येईलच.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. लिंबागणेशच्या एका लग्नाच्या वहीत मी बांगड्यांच्या तुकड्यांची वेल काढली होती. हिरवी, लाल, अशी झगमगीत की मीच मोबाईलमध्ये तिचा फोटो काढून ठेवला. नवऱ्या मुलाची आई वही न्यायला आली, पान उघडलं आणि मागे सरकली. "काकू, लगनाच्या वहीत फुटलेली काकणं? कावून लावली वो?" मी मेल्याहून मेल्यासारखी झाले. मी बांगडीवाल्याची बायको. आमच्या दुकानात बांगडी कधी फुटत नाही, ती 'वाढते'. गिऱ्हाईक चुकून 'फुटली' म्हणालं तरी आमचे हे कान धरायला लावतात. एवढं असून मी नव्या जोडप्याच्या फोटोखाली फुटक्या काचा पसरल्या होत्या. ओल्या फडक्याने एकेक तुकडा सोडवला. त्या बाई शेजारी बसून सगळं बघत होत्या. शेवटी त्यांचाच राग निवळला. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपल्या लहानपणीच्या इवल्याशा बांगड्या आणून दिल्या, अख्ख्या. त्या मी साखळीसारख्या एकमेकींत बसवून लावल्या आणि वही आधीपेक्षा चांगली झाली, हे मलाही मान्य करावं लागलं.

दुसरं गिऱ्हाईक म्हणजे एक पुढारी. स्वतः कसे येतील, त्यांचा कार्यकर्ता आला. कडक इस्त्री, डोक्यावर गॉगल. "सायबांचा वाढदिवस हाय. वही अशी पायजे की बघणारा गारच पडला पायजे. सगळं सोनेरी." आता सोनं आणायचं कुठून? जुन्या पत्रिकांवर सोनेरी छपाई असते आणि मिठाईच्या डब्यांना सोनेरी कागद. मी त्यातून फुलं कापली, पानपान भरून. कार्यक्रमात मलाही बोलावणं होतं. साहेब स्टेजवर वही चाळत होते, एका फुलाची पाकळी जराशी सुटली होती, ती त्यांनी बोटाने उलटवली आणि तिथेच थांबले. आता दुकानाला कुलूपच, असं मला वाटलं. नंतर कळलं, ती पत्रिका निघाली होती त्यांच्या विरोधकाच्या मुलाच्या लग्नाची, आणि पाकळीच्या पाठीवर 'आपला विनीत' म्हणून त्या विरोधकाचंच नाव. साहेबांनी माईक हातात घेतला आणि हसत म्हणाले, "लगनाला बोलावलं न्हवतं, पर पत्रिका पोचली म्हणायची!" सगळा मांडव हसला. तेव्हापासून मी सोनं कापण्याआधी मागची बाजू वाचते.

पण मला सांगायचंय ते खंडूआबांच्या वहीबद्दल.

दिवाळी झाली की मेंढपाळ कुटुंबं आमच्या भागात उतरायला लागतात. पिकं निघालेल्या रानात मेंढरं बसवायची, त्या खताच्या बदल्यात शेतकरी धान्य देतो, आणि पुढच्या रानाकडे निघायचं. घर सगळं घोड्याच्या पाठीवर. असेच एक आबा एका दुपारी दुकानात आले. खांद्यावर घोंगडी, हातात काठी. दुकानातल्या बायका सरकून उभ्या राहिल्या.

"चमकीवाल्या काकू तुमीच का?"

"मीच. बसा आबा."

ते बसले नाहीत. "एक वही पायजे."

"फोटो आणलेत?"

"फोटो न्हाईत."

"मग वहीत लावू काय?"

"त्येच इचारायला आलतो," आबा म्हणाले.

मी चहा सांगितला, मग बोलणं निघालं. त्यांची मुलगी रेणुका. सगळ्या भावकीत बारावीपर्यंत गेलेली ती पहिली. बीडला नर्सिंगला नंबर लागला, वसतिगृहात राहते. आणि रोज संध्याकाळी फोनवर रडते. घोंगडीशिवाय झोप येत नाही म्हणते. खोलीत वास येत नाही म्हणते.

"कसला वास?" मी विचारलं.

"आमचा," आबा म्हणाले.

मी म्हटलं, आजकाल मोबाईलमधून फोटो पाठवता येतात की. तर तेही झालं होतं. एका पाहुण्याच्या मुलाने मेंढरांचे, आईचे, घोड्याचे फोटो पाठवले होते. ते बघून ती जास्तच रडली. म्हणाली, काचेला हात लावून काय करू?

"येत्या आइतवारी मला न्यायला या म्हणती. न्हाईतर एकलीच निघती. आन् आमची घरची म्हणती, यिऊ दे."

"तुम्हाला काय वाटतं?"

"मला वाटतं शिकावं पोरीनं. पर मी काय म्हणून सांगू तिला? तिथलं मला काय ठावं?" आबांनी काठी या हातातून त्या हातात घेतली. "तिला हातात धराया कायतरी पायजे. एकानं सांगितलं, काकूकडं जा, त्या कशाचंबी कायबी करत्यात."

अशी शिफारस मिळाल्यावर नाही म्हणणारी मी नव्हे. आबांनी तेव्हाच कमरेच्या पिशवीतून घोंगडीचा दोरा आणि एक फुटकं घुंगरू काढून दिलं. बाकीचं मी माझ्या मनाने केलं. कापसाच्या मेंढ्या केल्या, त्यांना चिंचोक्याचे डोळे लावले, गळ्यात गुलाबी रिबिनी बांधल्या. साडीच्या काठाचे डोंगर केले, औषधाच्या चांदीचं तळं केलं, काड्यापेटीच्या काड्यांचं कुंपण घातलं. वही इतकी फुगली की दोन्ही हातांनी दाबून धरावी लागे. मला ती फार सुंदर वाटली. आबांनी पानं उलटली आणि "लई भारी" म्हणाले. दुसऱ्याच्या लेकराला गोड म्हणावं तसं म्हणाले. ते माझ्या लक्षात आलं, पण रविवार जवळ आला होता आणि मी खूश होते.

शनिवारी सकाळी दुकान उघडतोय तर आबा दारात. हातात वहीचा पुठ्ठा. नुसता पुठ्ठा, तोही एक कोपरा नसलेला.

"काकू, वही खाल्ली."

"कुणी?"

"चांदीनं."

चांदी ही त्यांची शेळी. मेंढरांच्या कळपात दोन-चार शेळ्या असतात, दुधाला. आणि आबांच्या घरची रीत अशी की नवी वस्तू आली की ती आधी मेंढरांच्या जाळीत, म्हणजे दोरीच्या जाळीने केलेल्या वाड्यात न्यायची, देवाचं नाव घेऊन तिच्यावर भंडारा टाकायचा, मगच घरात घ्यायची. भांडं असो, कपडा असो. आबांनी वही जाळीत ठेवली, भंडारा वाहिला, डोळे मिटले आणि बायकोने चहाला हाक मारली म्हणून गेले. परत आले तोवर चांदीने डोंगर, तळं आणि निम्मी मेंढरं फस्त केली होती, आणि उरलेल्या पानांना दुसऱ्या शेळ्या लागल्या होत्या.

"तिचा काय दोष न्हाई," आबा म्हणाले. "मीठ लागलं तिला."

गव्हाचं पीठ आणि मीठ. मेंढपाळाच्या घरात जाणाऱ्या वहीला मी गोठ्यातला खुराक थापून दिला होता. आमचे हे बांगड्यांच्या खोक्यामागे तोंड लपवून हसत होते. म्हणाले, "तुझ्या कामाची एवढी चव आजवर कुणी घेतली नव्हती."

"हसू नका," मी म्हटलं. "शटर खाली घ्या आणि चला माझ्याबरोबर."

परसातल्या कडुलिंबाचा पाला ओरबाडला, भगुण्यात उकळला, आणि त्या हिरव्या कडू पाण्यात खळ शिजवली. मीठ नाही. बोटाला लागलेली चाटून बघितली तर दुपारपर्यंत तोंड वाकडं होतं. कात्री, पुठ्ठे, कोरी वही, खळीचा डबा घेतला आणि आम्ही तिघं जीपने मांजरसुंब्याच्या अलीकडे उतरलो. तिथून रान जवळच.

आबांची बायको सोनाबाई. तीन दगडांच्या चुलीवर भाकरी टाकत होत्या. बसा म्हणाल्या, पाणी दिलं, पण माझ्या डब्याकडे बघितलं नाही. मी आपली सतरंजीवर पसारा मांडला.

"ऱ्हाऊ द्या बाई," त्या म्हणाल्या. "देवाच्या मनात न्हाई त्ये."

"देवाच्या मनातलं मला माहीत नाही. शेळीच्या मनात मात्र होतं."

त्यांना हसू आलं, ते त्यांनी भाकरीकडे वळवलं. मग थोड्या वेळाने आपणहून म्हणाल्या, "रडती वो ती. सांच्याला फोन आला की माझं काळीज खाली पडतं. आईनं काय करावं? शीक म्हणावं का ये म्हणावं?"

माझी मुलगी लग्न होऊन पुण्याला गेली तेव्हा मीही स्टँडवर उभी राहून, बस निघताना, हेच मनात म्हणत होते. मी पिशवीतून एक कापसाची मेंढी काढली. आदल्या कामातली राहिलेली. ती रिबिनवाली.

सोनाबाईंनी ती चिमटीत धरली. "ह्ये काय हाय?"

"मेंढी."

"आसली आसती व्हय मेंढी?" त्यांनी तवा उतरवला, हात झटकले आणि उठल्या. लोकर कातरायची मोठी कात्री घेऊन जाळीत शिरल्या. एकेकीला गुडघ्यात धरायच्या, चिमूटभर लोकर कातरायच्या आणि माझ्यासमोर आणून ठेवायच्या. "ही काळी म्हातारी, रेणीच्या आधीपासून हाय. ह्यो एडका, त्येनं रेणीला एकदा पाडलं व्हतं. ही ढवळी, लई हावरी. नीट बगा, ढवळीची मऊ आन् काळीची राठ. रेणीला डोळं झाकून वळखू येती."

झालं. माझी सुंदर वही गेली आणि त्यांची सुरू झाली. एका पानावर लोकरीचे पुंजके, प्रत्येकीचा वेगळा. एका पानावर घोड्याच्या खोगिराखालच्या जुन्या गोणपाटाचा चौकोन. जाळीच्या तुटक्या दोरीची गाठ, जशी आबा मारतात तशी. आबांच्या जुन्या लाल पटक्याची पट्टी. तिची कड मी मेणबत्तीवर धरायला गेले तर आबा म्हणाले, "सुती हाय, जळंल." तेव्हा दुमडून शिवली. चुलीतल्या कोळशाने सोनाबाईंनी पुठ्ठ्यावर तीन दगड काढले. त्यांना वाटलं होतं काढता येणार नाही. आमच्या ह्यांना मेंढरं हटकायला काठी देऊन उभं केलं होतं, ते एका कोकराच्या मागे अर्धं रान पळून आले.

मग सोनाबाईंनी पदरातून आणखी पुंजके काढले. अगदी मऊ, जावळासारखे.

"ह्ये कुणाचे?" मी विचारलं.

"रेणी गेल्यावर जल्मलेल्या कोकरांचे."

"नावं सांगा, खाली लिहिते."

"नावं न्हाईत." त्या म्हणाल्या. "आमच्यात कोकरांची नावं रेणीच ठिवती, बारकी व्हती तवापासून. आता ती आली की ठिवंल, म्हणून मी ठिवलीच न्हाईत."

मी खळीचं बोट तसंच धरून बसले. शेळीने वही खाल्ली नसती तर ही गोष्ट मला कळली नसती. सोनाबाई त्या पुंजक्यांकडे बघत राहिल्या. चुलीवर काहीतरी उतू गेलं, तिकडेही त्यांनी बघितलं नाही. मग एकेक उचलून त्यांनी स्वतःच शेवटच्या पानावर लावला आणि प्रत्येकाखाली जागा सोडली.

"तिथं राहूनच ठिवू दे नावं," त्या म्हणाल्या. "आन् पान मोठं करा बाई. आजून काही मेंढ्या इणायच्यात."

मी पुठ्ठ्याला पुठ्ठा जोडून पान घडीचं केलं. वाळल्यावर वही जाळीत नेली, भंडारा वाहिला. या खेपेला सगळे जण तिथेच उभे. चांदी आली. हुंगलं, जिभेने चाटलं, जोरात शिंकली आणि तोंड फिरवून निघून गेली. आमचे हे म्हणाले, "गिऱ्हाईक नापसंत करून गेलं."

"जाऊ दे," मी म्हटलं. "या गिऱ्हाइकाची नापसंतीच पाहिजे होती."

रविवारी आबा मेंढरांजवळ थांबले आणि बीडला सोनाबाई निघाल्या. वसतिगृह त्यांनी कधी बघितलंच नव्हतं. मेंढरं सोडून दोघांना कधी जाता येत नसे. सोबत मी. रेणुकाची पिशवी भरून खाटेवर तयार होती. आईला बघून ती गळ्यात पडली, दोघी रडल्या, मी भिंतीवरचा शरीराच्या हाडांचा तक्ता वाचून काढला. मग सोनाबाईंनी वही पुढे केली.

रेणुकाने ती उघडली आणि सगळ्यांत आधी नाकाशी धरली. मग डोळे मिटून बोटं फिरवायला लागली. "काळी म्हातारी... ही ढवळी... ह्यो मेला एडका." दोरीच्या गाठीवर हसली. पटक्यावर हात ठेवून थोडा वेळ बसली. असं करत शेवटच्या पानावर आली आणि तिची बोटं थांबली. तिने डोळे उघडले.

"आये, ही कुणाची?"

"तुज्या माघारी झालेली."

"नावं न्हाई लिवली?"

"तू ठेव की."

"मी आज येतीच हाय, बघूनच ठिवते."

सोनाबाईंनी तिच्या भरलेल्या पिशवीकडे बघितलं. त्यांना ते बोलणं किती जड गेलं ते मी शेजारी बसून बघितलं. "हितनंच ठेव," त्या म्हणाल्या. "फोनवर सांग. मी त्येंच्या कानात सांगते. रडायचं आसंल त रड, पर नाव सांगितल्याबिगर फोन ठिवायचा न्हाई."

रेणुकाने पान मांडीवर घेतलं. मग तिने खिशातला पेन काढला आणि एका पुंजक्याखाली 'लंगडी' लिहिलं. "ही चालताना थांबती का गं मधीच?"

"थांबती. तुला कसं कळलं?"

"लोकर हिच्या आईवाणीच हाय, तीबी थांबायची." दुसऱ्याखाली तिने लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. मग टोपण लावलं. "बाकीची उद्या सांगते. इचार करावा लागतो."

येताना बसमध्ये सोनाबाई खिडकीला डोकं लावून बसल्या होत्या. मला वाटलं झोप लागली. तर म्हणाल्या, "उद्या म्हणली ना वो ती?" मी म्हटलं, हो, उद्या म्हणाली. मग त्यांनी डोळे पुसले आणि शेंगा काढून मला दिल्या.

माझ्या धंद्याचं आता फार काही राहिलं नाही. पोरी घरबसल्या तयार पाकिटं मागवतात, एकसारखी फुलं, एकसारखी पाखरं. माझ्या बोटांना कात्री पूर्वीसारखी धरवत नाही. एक खंतही आहे. गावभर वह्या केल्या, पण माझ्या स्वतःच्या मुलीची एकसुद्धा केली नाही. करू करू म्हणत तिचं लग्न झालं, तिला मुलं झाली. परवा ह्यांनीच एक पुठ्ठ्याची वही माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाले, "कचरा भरपूर आहे घरात, हो सुरू." त्यांच्या बोलण्याचा राग यायला हवा होता, पण नाही आला. वहीचं पहिलं पान झालंय.

गेल्या आठवड्यात दुकानात एक मुलगी आली. पांढरा ड्रेस, केसांचा घट्ट अंबाडा, ताठ चाल. मी ओळखलंच नाही. तिने माझ्यापुढे कोरी वही ठेवली आणि पिशवी उपडी केली. इंजेक्शनच्या बाटल्यांवरची छोटी छोटी रंगीत टोपणं. निळी, केशरी, हिरवी. स्वच्छ धुतलेली, मोठ्या सिस्टरना विचारून साठवलेली. गोळ्यांच्या पाकिटांची चांदी, चमच्याने घासलेली. बँडेजची जाळी, तिची किनार काढलेली.

"रेणुका!"

"ह्ये पयल्या इंजेक्शनचं टोपण हाय," ती सांगायला लागली. "हे माझ्या हातानं पयलं बाळ झालं त्या दिवसाचं. आमच्या आईला वाचता येत न्हाई, फोनवर सांगितलेलं तिला समजत न्हाई. मी तिथं काय करते ते तिला हातानं कळावं म्हणून." मग तिला एकदम काहीतरी आठवलं. तिने माझ्या खळीच्या डब्याचं झाकण उघडलं, वास घेतला आणि नाक मुरडलं.

"काकू, ही न्हाई चालायची. लिंबाचा पाला टाकून कडू करून द्या. वही आमच्या कळपात जायचीय."